कासोट्याआडचं दुखणं

डोकं दुखलं तर माणूस चारचौघांत डोक्याला फडकं बांधून बसतो. दात दुखला तर गालाला हात लावून गल्लीभर फिरतो, आणि भेटेल तो एक औषध सांगतो. माझं दुखणं असं की त्याच्याकडं बोटही दाखवता यायचं नाही. जांघेत गाठ यायची. आधी वाटाण्याएवढी, कातडीच्या आत, नुसती हाताला लागणारी. मग बोराएवढी, लाल, टणक. मग ठणका सुरू. मग ती फुटायची, घाण वाहायची, आणि जरा सुकत आली की तिच्या शेजारी दुसरी हाताला लागायची.

वयात आले तेव्हा हे सुरू झालं आणि केस पिकले तरी पुरतं गेलेलं नाही. अलीकडं नांदेडच्या एका डॉक्टरीणबाईंनी त्याला लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. म्हणाल्या, हे घाणीनं होत नाही, कुणाचं कुणाला लागत नाही आणि वाईट चालीशी तर याचा काडीचा संबंध नाही. मी मान डोलावली. ज्यांनी हे ऐकायला पाहिजे होतं ती माणसं एकेक करून निघून गेली होती. मी गोळ्या घेतल्या आणि घरी आले.

आमचं कंधारला किराणा दुकान होतं. दुकान म्हणजे काय, पुढं फळ्या टाकलेल्या आणि मागं आम्ही राहायचो. वडील लवकर गेले. मग मायनं तागडी हातात घेतली. मी थोरली, माझ्यामागं एक बहीण. माय कडक बाई. गिऱ्हाइकाला चिमूटभर साखर जास्त जाणार नाही आणि आम्हाला एक शब्द कमी पडणार नाही, असा तिचा कारभार.

पहिली गाठ आली तेव्हा मी ती लपवली. पण लंगडणं कसं लपवणार? मायनं हाताला धरून मिठाच्या पोत्यांमागं नेलं आणि बघितलं. मला वाटलं, आता मार बसतोय. ती खालच्या आवाजात म्हणाली, "केसतोडा हाय. उष्णतेचा. कुणाला बोलू नको." आणि चुलीत कांदा भाजायला टाकला.

भाजलेला कांदा, हळद आणि तेल, फडक्यात गुंडाळून. पुढं कितीतरी वेळा माझ्या जांघेला ते लागलं. फुंकर घालून घालून माय तो कांदा लावायची आणि तोंडानं शिव्या देत राहायची. शिव्या मला नव्हत्या, गाठीला होत्या. "मेली रांड, पुन्हा आली," असं ती गाठीला म्हणायची, जशी काही उधारी बुडवलेली बाईच दारात आलीय. मला त्यातही हसू यायचं. पथ्य तर विचारू नका. वांगं बंद, गूळ बंद, शेंगदाण्याची चटणी बंद, सब्जाचं पाणी सुरू. मी पथ्यानं वाळत चालले, गाठी आपल्या बाळसं धरत होत्या.

एकदा माय मला नांदेडला डॉक्टरकडं घेऊन गेली. तो निघाला पुरुष. मायनं त्याला धडधडीत सांगितलं, पोरीच्या काखेत गाठी येतात, आता बसल्यात पण परत येतात. त्यानं बिचाऱ्यानं माझ्या दोन्ही काखा तपासल्या. काखेत काय असणार? तरी त्यानं गोळ्या लिहून दिल्या. काख दाखवून जांघेचं औषध घेऊन आम्ही मायलेकी यष्टीत बसलो, आणि तिकडं माझी जांघ ठणकत होती. औषधानं गुण आला नाही म्हणून माय पुढं त्या डॉक्टरलाच नावं ठेवायची.

आम्हा दोघींच्या सोयरिकी एकाच मध्यस्थानं जुळवल्या. लांबच्या नात्यातला माणूस, सगळ्या मुलखाची लग्नं त्याच्या टोपीखाली. माझं स्थळ जळकोटच्या बाजूच्या एका खेड्यातलं. जमीन कोरडवाहू, पण मुलगा लातूरला सरकारी कचेरीत शिपाई. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या नव्या, साहेब नवे, आणि नव्या साहेबांना पाणी द्यायला शिपाईही नवेच लागत होते. बहिणीचं स्थळ अर्धापूरचं, केळीचे बागाईतदार. चहूकडं दुष्काळ पडलेला, विहिरींचे तळ दिसायला लागलेले, आणि त्यांच्या मळ्यात केळीचे घड लोंबत होते. माय ते स्थळ असं सांगायची की ऐकणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटावं. माझं लग्न आधी, तिचं पुढच्या हंगामात, असं ठरलं.

हळद लागायच्या आदल्या दिवशी मायनं मला मिठाच्या पोत्यांमागं बोलावलं. "लेकरू झालं की जातंय ते," ती म्हणाली. "तवर तोंड उघडायचं न्हाई. नवऱ्याला बी सांगायचं न्हाई. तुझ्या एकटीचं न्हाई हे, तुझ्यामागं ती हाय." मी म्हटलं, बरं. एका मुलीला रोग आहे म्हटल्यावर दुसरीला कोण करून घेणार, हे मलाही कळत होतं.

सासर म्हणजे सासूबाई आणि मी. सासरे बैलं घेऊन नातलगाकडं गेले होते, तिकडं थोडा चारा होता. नवरा लातूरला, शनिवारी संध्याकाळी यायचा. गरीब स्वभावाचा माणूस. लातुरात म्हणे साहेब लोकांनीच सगळ्या खोल्या भाड्यानं धरल्या होत्या, शिपायाला परवडेल अशी मिळेना, म्हणून तो कचेरीतल्याच एका खोलीत फायलींच्या शेजारी अंथरूण टाकायचा. "खोली मिळाली की तुला नेतो," हे तो दर शनिवारी सांगायचा. मी विचारायचे, "न्हाणीला दार असंल का?" तो हसायचा. नव्या नवरीनं दागिना मागायचा सोडून न्हाणीचं दार मागावं, याची त्याला गंमत वाटायची. मला मात्र सगळं जग नको होतं, आतून कडी लागणारं एक दार पाहिजे होतं.

कारण या घरात न्हाणी म्हणजे कमरेएवढी भिंत आणि वर आभाळ. आणि पाणी कुठं होतं? टँकर यायचा तो विहिरीत पाणी सोडायचा, आणि गावच्या बाया त्या विहिरीवर तुटून पडायच्या. घरातलं खरकटं पाणी म्हशीला. अंघोळ म्हणजे तांब्याभर पाण्यात अंग पुसणं. माझ्या फडक्यांना धुवायला पाणी कुठून आणू? मी ती वाळवून कडब्याच्या पेंढ्यांखाली दडपायचे आणि तीच परत वापरायचे. त्यानं दुखणं वाढत होतं, हे कळायचं. पण दुसरं काही सुचायचं नाही.

त्यात कासोटा. आमच्या कंधारला मी गोल साडी नेसायचे. या खेड्यात कामाची बाई म्हणजे कासोट्याची बाई. साडीचा सोगा पायांमधून मागं न्यायचा, घट्ट ओढायचा आणि कमरेला खोचायचा, की बाई शेतात जायला, विहिरीवर जायला मोकळी. ज्यांनी हे नेसून बघितलंय त्यांना सांगायला नको की तो पिळा कुठं घासतो. पहिल्या आठवड्यात मी नेसून बघितलं. विहिरीवर जाऊन आले तेव्हा डोळ्यांपुढं काजवे चमकले. दुसऱ्या दिवसापासून मी गोल नेसायला लागले आणि पाय जरा फाकून चालायला लागले.

सासूबाईंना वाटलं, सून मिजासखोर आहे. "ही बघा आमची कंधारची मडमीण," त्या बायांना सांगायच्या. "गोल नेसून पाण्याला निघाली, जणू लातूरला साहेबीणच झाली!" बाया खो खो हसायच्या. मीही हसायचे. मिजासखोर म्हणवून घेणं मला परवडत होतं. ते ऐकताना कुणी माझ्या जांघेकडं बघत नव्हतं.

नवऱ्याचं विचाराल तर दिवा मालवला की माझा जीव मुठीत. एकदा त्याच्या हाताला माझ्या मांडीवरचा जुना वण लागला. "काय झालतं?" मी म्हटलं, "भाजलं होतं." त्यानं पुन्हा विचारलं नाही. त्या वेळी त्याच्याबद्दल मला फार माया वाटली आणि तितकीच भीती वाटली. सांगून टाकावं असं जिभेवर आलं आणि बहीण आठवली.

उन्हाळा टोकाला गेला तेव्हा एक गाठ आली ती लिंबाएवढी. ताप चढला. सासूबाई म्हणाल्या, आज टँकर हाय, तू न्हाई आली तर पाणी कोण आणील? त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या गुडघ्यात वारा होता. मी दोन घागरी डोक्यावर घेऊन परत फिरले आणि विहिरीच्या उतारावरच ती गाठ फुटली. पाय गेला. मी खाली बसले आणि दोन्ही घागरी आडव्या झाल्या. माझ्या साडीकडं बायांचं लक्ष नंतर गेलं. आधी सगळ्या ओरडल्या त्या पाण्यासाठी. "अगं सांडलं, सांडलं!" त्या सांडलेल्या पाण्यात साडी भिजली म्हणून घाण थोडी झाकली गेली, पण सासूबाईंच्या नाकाला वास लागला.

घरी आल्यावर त्यांनी दार लावलं. "दाव," म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्यांनी मारलं नाही, ओढलं नाही. फक्त दाराला पाठ लावून बसून राहिल्या. शेवटी मी दाखवलं. फुटलेली गाठ, बाजूच्या सुकलेल्या, कातडीतले खड्डे, सगळं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि पुटपुटल्या, "बद हाय ही."

बद म्हणजे आमच्याकडं बाईलवेड्या पुरुषांचा रोग. वाईट जागी जाणाऱ्याच्या जांघेत ती गाठ येते आणि त्याच्याकडून बायकोला लागते, असं सगळे धरून चालायचे. बाईला आधीच असेल तर ती बाई कसली, हे तर बोलायचीही गरज नव्हती. मी म्हटलं, "आत्याबाई, उष्णतेचं हाय." त्या म्हणाल्या, "उष्णता समद्यालाच हाय. दुष्काळ हाय. मला काऊन येत न्हाई गाठी?"

त्यांनी निरोप धाडला. पुढच्या रविवारी माय आली, मध्यस्थ आला, नवरा लातूरहून आलेलाच होता. पुरुष ओसरीवर बसले, आम्ही बाया आतल्या खोलीत दाराशी, म्हणजे सगळ्यांना सगळं ऐकू जात होतं. सासूबाईंनी एकच विचारलं. "इहीनबाई, हे पोरीला आधीपासनं हाय का हितं आल्यावर झालं? आधीचं असंल तर तुमची पोरगी तुमी न्या. हितलं असंल तर माझा पोरगा गुन्हेगार, आमी निस्तरू."

माझं नांदणं आता मायच्या एका शब्दावर आलं होतं. आणि ओसरीवर तो मध्यस्थ बसला होता, ज्याच्या तोंडून निघालेली गोष्ट अर्धापूरला पोचायला वेळ लागत नव्हता. मायनं माझ्याकडं बघितलंच नाही.

"आमच्या घरी असताना पोरीच्या अंगावर साधी पुटकुळी नव्हती," ती म्हणाली.

"बेल उचला," सासूबाई म्हणाल्या.

आमच्याकडं बेलभंडारा उचलून खोटं बोलणाऱ्याचा वंश बुडतो म्हणतात. देव्हाऱ्यातलं बेलाचं पान आणि हळद मायच्या हातावर ठेवली. दर सोमवारी उपास धरणारी, महादेवाला पाणी घातल्याशिवाय दुकानाची फळी न काढणारी माझी माय. तिनं शपथ घेतली.

मी दारातून ओसरीकडं बघितलं. नवऱ्याची मान खाली गेली होती. त्यानं कुणाचं काही वाईट केलं नव्हतं, फायलींच्या शेजारी झोपत होता, खोली शोधत होता. मध्यस्थ त्याच्यापासून थोडा सरकून बसला. मला मायचा असा संताप आला की तो ठणक्याच्याही वर गेला. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की आता मी नांदणार.

सासूबाई उठल्या. "हितं झालं तर हितंच बरं करू," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, थकलेल्या होत्या. त्यांनी फडताळातून बिब्बा काढला, सुईला टोचला आणि दिव्यावर धरला. बिब्ब्याचं काळं तेल सुटायला लागलं. आमच्या भागात सुजेवर, दुखऱ्या जागेवर हे तेल लावतात. त्यांनी दार अर्धं लोटलं आणि मला आडवं व्हायला सांगितलं. मी झाले. दात आवळले. सुई खाली यायला लागली आणि माय ओरडली.

"बिब्बा नको! इहीनबाई, बिब्बा नको, हिला उततो! मागं लावला तर मांडीभर फोड आले, मरता मरता वाचली पोरगी!"

खरं होतं ते. लग्नाच्या आधी एका शेजारणीच्या सांगण्यावरून मायनंच लावला होता. सगळी मांडी सोलून निघाली होती, तापात मी बरळत होते आणि माय खोबरं चावून चावून माझ्या फोडांवर लावत होती. नवऱ्याच्या हाताला लागला तो वण त्याचाच. हे सगळं तिच्या तोंडून एका दमात निघून गेलं. हातातला बेल तिनं अजून खाली ठेवला नव्हता.

सासूबाईंनी सुई बाजूला घेतली. बिब्बा त्यांनी मुद्दाम काढला की भाबडेपणानं, हे मला कधीच कळलं नाही. त्यांनी दिवा विझवला आणि म्हणाल्या, "मंजी आधीपासनं होतं." बास, एवढंच. ओसरीवर मध्यस्थानं टोपी झटकून डोक्यावर घातली. नवरा दारात आला, आत न येता मला म्हणाला, "भाजलं म्हणली होतीस." त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं समाधान होतं आणि डोळ्यांत पाणी. मी त्याला दोष देत नाही.

"बरी झाली की आणू," असं ठरलं. आमच्याकडं पोरीला परत पाठवताना असंच म्हणतात. मला न्यायला कुणी आलं नाही. पुढं रीतसर काडीमोड झाला, त्याला लातुरात खोलीही मिळाली, आणि तिथं दुसरी नांदायला गेली.

जळकोटहून यष्टीत बसलो तेव्हा मायनं स्वतःच्या लुगड्याची घडी माझ्याखाली घातली. वाटेत दोन्हीकडं नुसती काळी भेगाळलेली रानं होती. ती खिडकीबाहेर बघत होती. आणि मी काय सांगू, लाज वाटते, पण मला त्या यष्टीत आनंद झाला होता. संसार मोडला होता, जांघ ठणकत होती आणि मी मनात म्हणत होते, देवाला फसवायला निघालेल्या माझ्या मायला माझी एक कळ बघवली नाही. तिच्या खांद्यावर डोकं टेकून मी झोपले.

अर्धापूरचा निरोप आठवड्याच्या आत आला. केळीवाल्यांना दुसरं स्थळ सांगून आलं होतं म्हणे. मध्यस्थ दुकानाच्या फळीवरच बसून बोलला, चहालाही थांबला नाही. माय आत आली आणि चुलीपुढं बसली. बहीण भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मी कोपऱ्यात पडून होते, दुसऱ्या बाजूला नवी गाठ धरत होती.

बहीण रडली नाही. पिठाचे हात तसेच, ती मायला म्हणाली, "भाजू द्यायचं होतं तिला."

मला वाटलं, माय आता तिच्या थोबाडीत देणार. मी उठून बसले. माय चुलीतल्या विस्तवाकडं बघत होती.

"काय बी झालं तरी तोंड उघडायचं न्हाई, हेच ठरवून गेलते मी," ती म्हणाली. "बेल उचलस्तवर जमलं."

बहीण तिच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती कुणीच उलटली नाही.